तीन दिवस मौन आणि एक नोटीस

पारसिक म्हटलं की ठाणेकराला बोगदा आठवतो. कळवा आणि मुंब्र्याच्या मधला, १९१६ साली सुरू झालेला. त्यामुळे "पारसिकच्या डोंगरावर तीन दिवस चाललेय" असं मी घरी जाहीर केलं, तेव्हा आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "बोगद्यात?"

बोगद्यात नाही. तीच डोंगररांग कळव्याहून दक्षिणेला बेलापूरपर्यंत जाते आणि तिच्या तिकडच्या टोकावर, सीवूड्स स्टेशनच्या वरच्या अंगाला, 'धम्म विपुल' नावाचं विपश्यना केंद्र आहे. ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मठात जायचं वय झालं का तुझं?" मठ नाही, आश्रम नाही, केंद्र म्हणतात, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिनं दोन्ही वेळा "हो, तेच" म्हटलं. आणि एका अर्थी तिचं बरोबरच होतं. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, पहाटे चारची घंटा, दुपारनंतर अन्न नाही, बोलायचं नाही, लिहायचं नाही. ह्याला मठ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

का गेले ते आधी सांगते, कारण तिथेच सगळी गोम आहे.

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. कोपरीतली चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, भांडणं मुबलक. मी दुसऱ्या मजल्यावर. जूनमध्ये माझ्या पॅसेजच्या छताला, बाथरूमच्या बाजूच्या कोपऱ्यात, ओल आली. आधी बशीएवढी, मग ताटाएवढी, मग महाराष्ट्राच्या नकाशासारखी, कोकणपट्टी खाली भिंतीवर उतरलेली. खाली बादली लावली. रात्री टप्, टप्. उपविधींत गोष्ट सरळ आहे: कुणाच्या घरातल्या नहाणीतून, संडासातून, आतल्या नळातून गळत असेल तर खर्च त्या सभासदाचा, बाहेरची भिंत, डक्टमधले पाइप, गच्ची हे सोसायटीचं. माझ्या डोक्यावर बाथरूम आहे ते वरच्यांचं. म्हणजे दोष वरच्यांचा. इतका साधा हिशेब. वरचे म्हणजे काका-काकू, दोघंही सत्तरी ओलांडलेले. काका म्हणाले, "आमच्याकडून काही नाही हो, आम्ही मागच्याच वर्षी लादी बदलली." मी म्हणाले, "मग काय माझ्या छताला घाम येतो?" हे जिन्यात झालं. पुढचं सभेत झालं. त्या सभेत माझा आवाज एवढा चढला की घरी आल्यावर मान आखडली, डोकं ठणकायला लागलं, आणि डॉक्टरांनी पट्टा सोडवत रक्तदाबाचा आकडा सांगितला: १६०/१००. "गोळी देतो. पण जरा कुठेतरी जाऊन या," ते म्हणाले.

ताईनं महाबळेश्वर सुचवलं. पावसाळ्यात महाबळेश्वर! आणि खर्च? मी हिशेबनीस आहे, एका छोट्या कंपनीत जमाखर्च बघते. माझ्या डोक्यात लगेच आलं ते विपश्यना. तिथे फी नसते, राहण्या-जेवणाचेही पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण केलेल्या माणसानंच, वाटलं तर, दान द्यायचं. २०१६ साली इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिर मी केलं होतं. असं एक पूर्ण केलेल्याला 'जुना साधक' म्हणतात आणि तीन दिवसांचं छोटं शिबिर फक्त जुन्या साधकांनाच मिळतं. गुरुवारी संध्याकाळी आत, रविवारी सकाळी बाहेर. शुक्रवारची एक रजा.

अर्जात एक रकाना होता: रोजची साधना चालू आहे का? सांगितलेलं असतं सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. इगतपुरीहून आल्यावर माझा हा नेम तीन आठवडे टिकला होता. मग गणपती आले. त्या रकान्यापुढे मी बराच वेळ बसले. खोटं न बोलणं हे ज्या शिबिराच्या पहिल्या अटींपैकी एक, त्याच्या अर्जातच खोटं लिहायचं म्हणजे कमाल होती. शेवटी 'अनियमित' असं लिहिलं. आम्हा हिशेबवाल्यांचा हा फार सोयीचा शब्द आहे. लेखापरीक्षकसुद्धा चोरी झाली असं लिहीत नाहीत, अनियमितता आढळली असं लिहितात.

गुरुवारी चारच्या सुमाराला सीवूड्सला उतरले, रिक्षा केली. घाटासारखा चढ, दोन्ही बाजूंना पावसाळी हिरवं रान, रस्त्याच्या कडेनं धावणारं लाल पाणी. केंद्रात नोंदणी झाली, खोलीचा नंबर मिळाला, आणि मग धम्मसेविकेनं एक कापडी पिशवी पुढे केली. तिच्यात मोबाइल, पाकीट, दागिना असला तर तो, पुस्तक, वही, पेन. मोबाइल मी आनंदानं टाकला. सोसायटीच्या ग्रुपमधून तीन दिवस सुटका. पेन टाकताना मात्र हात अडला, कारण मी वरच्यांना द्यायच्या नोटिशीचा कच्चा मजकूर तिथे निवांतपणी लिहिणार होते. सेविका तरुण होती, ऐरोलीतल्या एखाद्या कॉम्प्युटर कंपनीत शोभेल अशी. ती काही बोलली नाही, पिशवी तशीच धरून उभी राहिली. मी पेन टाकलं.

संध्याकाळी आठ शीलं, म्हणजे शिबिरात पाळायचे नियम, घेतली. नव्या साधकांना पाच असतात, जुन्यांना आठ. जास्तीच्या तिनांपैकी एक म्हणजे दुपारी बारानंतर जेवायचं नाही. पाच वाजता लिंबूपाणी, बस्स. मौन सुरू झालं. त्याला आर्य मौन म्हणतात, म्हणजे नुसतं तोंड बंद ठेवून भागत नाही, खाणाखुणा नाहीत, नजरानजरही टाळायची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ही साधना भारतात परत आणली सत्यनारायण गोयंका यांनी. मंडालेत जन्मलेले, ब्रह्मदेशातले बडे व्यापारी. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास, मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. (आमच्यातलाच माणूस! हे मला इगतपुरीलाच आवडून गेलं होतं.) तर गोयंका डोकेदुखीवर इलाज म्हणून आलेत हे कळल्यावर ऊ बा खिन यांनी त्यांना शिबिरात घ्यायला नकार दिला. हे डोकेदुखीचं औषध नाही, मन स्वच्छ करायला यायचं असेल तर या, असं त्यांचं म्हणणं. नंतर घेतलं, आणि १९६९ साली गोयंका भारतात येऊन शिकवू लागले. त्या रात्री गादीवर पडल्यापडल्या मला ही गोष्ट आठवली. मी रक्तदाबासाठी आले होते, आणि खरं सांगायचं तर नोटिशीसाठी. ऊ बा खिन यांनी मला फाटकातूनच परत पाठवलं असतं.

खोलीत माझ्याबरोबर आणखी एक बाई होत्या. साठीच्या, बुटक्या, नाकात जुन्या पद्धतीची चमकी, हातावर गोंदण. एवढंच कळलं, कारण बोलणं नाही. तीन दिवस आम्ही एकमेकींच्या चपलांना वळसा घालून चाललो. त्यांचा पंचा दोरीवर डावीकडे, माझा उजवीकडे, हा करारही शब्दावाचून झाला. पावसात काही वाळत नव्हतं ते वेगळं.

चारला घंटा. साडेचार ते साडेसहा साधना. मग नाश्ता, पोहे किंवा उपमा. आठ ते नऊ सामूहिक साधना, मग अकरापर्यंत पुन्हा बसणं. अकराला जेवण: पोळी, भाजी, वरणभात, ताक. एक वाजता पुन्हा हॉल. अडीच ते साडेतीन सामूहिक, मग पाचपर्यंत. लिंबूपाणी. सहा ते सात सामूहिक. सातला प्रवचन, गोयंकाजींच्या ध्वनिमुद्रित आवाजात. ते २०१३ साली गेले, आवाज तोच आहे. साडेनऊला दिवे बंद. दिवसभरात सगळी मिळून दहाएक तासांची बैठक. ऑफिसात मी नऊ तास खुर्चीत बसते तेव्हा काही वाटत नाही. इथे विसाव्या मिनिटाला गुडघा कोर्टात गेल्यासारखा ओरडायला लागतो.

सुरुवात आनापानानं. नाकाच्या खाली, वरच्या ओठाच्या वर, तेवढ्या जागी येणारा-जाणारा श्वास बघायचा. श्वास लांब करायचा नाही, आखूड करायचा नाही, जसा आहे तसा. दहा दिवसांच्या शिबिरात हे साडेतीन दिवस चालतं, इथे तो काळ आटवलेला. ऐकायला पोरखेळ. करायला बसलं की तिसऱ्या श्वासाला माझं मन कोपरीत.

आणि तिथे काय करत होतं? नोटीस लिहीत होतं.

'प्रति, श्री. अमुक अमुक, सदनिका क्रमांक अमुक. विषय : आपल्या सदनिकेतून होणाऱ्या गळतीबाबत. महोदय, आपणांस वारंवार तोंडी कळवूनही...' इथे मी थांबायची. 'कळवूनही' मऊ पडतं. 'बजावूनही' केलं. मग वाटलं, सेक्रेटरीनं सभासदाला बजावणं बरं दिसत नाही, कुणीतरी उद्या उपनिबंधकांकडे तक्रार करेल. 'निदर्शनास आणूनही' केलं. हां, हे चांगलं. श्वास? कुठला श्वास? पुन्हा नाकापाशी. एक, दोन. 'पंधरा दिवसांच्या आत' की 'सात दिवसांच्या आत'?

शुक्रवारी दुपारपर्यंत नोटिशीचे सात मसुदे झाले होते, तेही पेनाशिवाय. पाठांतर एवढं पक्कं की शाळेत असताना असं असतं तर बोर्डात आले असते. सातव्यात मी कायद्याच्या जोडीला थोडा उपहास घातला होता: 'आपण मागच्याच वर्षी लादी बदलल्याचे समजले, अभिनंदन.' त्या 'अभिनंदन'वर मी इतकी खूश झाले की डोळे मिटलेल्या अवस्थेत मला हसू आलं. शेजारच्या बाईला वाटलं असेल, हिला आज निर्वाणच मिळालं.

दुपारी बारा ते एक सहायक आचार्यांना भेटून शंका विचारता येतात. तेवढं बोलणं चालतं. मी गेले, खाली बसले, आणि म्हणाले, "मनात सारखं एक पत्र लिहिणं चालू आहे. थांबत नाही." पांढऱ्या साडीतल्या बाई. त्यांनी कुणाला पत्र, काय भांडण, काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "चालू द्या. ते चालू असतं तेव्हा अंगावर काय होतं, तेवढं बघा."

एवढंच. मला जरा फसवल्यासारखं वाटलं. मी काही तोडगा मिळेल म्हणून गेले होते.

पण पुढच्या बैठकीला आठवा मसुदा सुरू झाला तेव्हा बघितलं. जबडा आवळलेला. जीभ टाळूला चिकटलेली. मानेच्या मागे, केस जिथे संपतात तिथे, ऊन लागल्यासारखं गरम. आणि डाव्या हाताची मूठ मिटलेली, अंगठा आत. लहान मुलं आवळतात तशी. चोपन्न वर्षांची बाई, मांडी घालून, मूठ आवळून बसलीय. मूठ उघडली. 'महोदय' म्हटल्याबरोबर पुन्हा मिटली. हे मी चार-पाच वेळा करून पाहिलं, आमच्या मुलानं लहानपणी दिव्याचं बटण खालीवर केलं होतं तसं. 'महोदय', मूठ. 'महोदय', मूठ.

त्यानंतर विपश्यना सुरू झाली, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवायचं आणि जिथे जी संवेदना असेल ती नुसती बघायची. खाज असेल तर खाज, दुखत असेल तर दुखणं. खाजवायचं नाही. सामूहिक साधनेच्या तासात हात, पाय, डोळे काही उघडायचं नाही, ह्याला अधिष्ठान म्हणतात. माझं अधिष्ठान पहिल्या वेळेला एकोणीस मिनिटं टिकलं असावं. घड्याळ नव्हतं, पण हॉलबाहेरच्या कोंबड्याचा अंदाज आला होता. ह्या बाबतीत फार लिहीत नाही. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही केलं त्यांना सांगून गुडघा दुखत नाही.

शनिवारची दुपार. अडीचची बैठक. डोंगरावर पाऊस असा आला की हॉलच्या छतावर कुणीतरी तांदूळ ओततंय असं वाटावं. खोकणं, कूस बदलणं, सगळं त्यात बुडालं. दहा-पंधरा मिनिटांनी एकदम थांबला. आणि मग पागोळ्या. बाहेरच्या भिंतीला लागून, टप्. टप्. टप्. पाऊस थांबून गेलेला आणि पाणी आपलं निवांत, आपल्या वेळेनं, भिंतीतून खाली येत होतं.

मी मन उजव्या खांद्यावर आणलं होतं. तिथून ते सरळ माझ्या पॅसेजमध्ये गेलं. पण नोटिशीकडे नाही. माळ्याकडे.

वटपौर्णिमेची संध्याकाळ. पूजेचं पितळी ताट परत माळ्यावर टाकायला मी स्टुलावर चढले होते, आणि तेव्हाच छताच्या कोपऱ्यात बशीएवढी ओल पहिल्यांदा दिसली होती. त्या दिवशी सकाळी मी वडाला एकटीच गेले होते. दरवर्षी वरच्या काकू खाली येऊन दार वाजवतात, "चल गं, ऊन व्हायच्या आत." ह्या वर्षी नाही आल्या. कारण त्यांच्या दाराला कुलूप होतं. मुलीच्या बाळंतपणाला दोघंही नाशिकला गेले होते, जूनच्या सुरुवातीपासून, चांगले तीन आठवडे. फुलवाल्यानं ठेवलेल्या पुड्यासुद्धा मीच चार दिवस उचलल्या होत्या.

म्हणजे वरचं बाथरूम कोरडं होतं. नहाणीत तांब्याभर पाणी ओतायलाही कुणी नव्हतं. आणि माझ्या छताला ओल आली ती त्याच आठवड्यात. पाऊस लागला त्या आठवड्यात.

पावसात गळतं म्हणजे बाहेरून गळतं. डक्टच्या बाजूची भिंत. भेग. सोसायटीचा खर्च.

आणि ती भिंत? दोन वर्षांपूर्वी डक्टकडच्या भिंतीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन आलं होतं. ते मी फायलीत लावलं होतं आणि वार्षिक सभेत उभं राहून सांगितलं होतं की एवढा खर्च सध्या नको, निधी वाचवू. टाळ्या पडल्या होत्या. मीही हात जोडले होते.

हे सगळं मला जूनपासून माहीत होतं. कुलूप मी पाहिलं होतं, पुड्या मी उचलल्या होत्या, कोटेशन माझ्या अक्षरातल्या पानांबरोबर फायलीत होतं. दोन महिन्यांचे जमेचे आणि खर्चाचे आकडे समोर असताना मी त्यांची बेरीज केली नव्हती. हिशेबनीस!

तुम्हाला वाटेल, ह्यानंतर काहीतरी शांत, प्रकाशमय झालं असेल. काही नाही. पहिली भावना होती ती म्हणजे सातवा मसुदा वाया गेला ह्याचं वाईट. 'अभिनंदन' इतकं जमून आलं होतं. दुसरी म्हणजे पेन हवं होतं, हे सगळं लिहून ठेवायला. तिसरी, मानेच्या मागचं ते ऊन आता कानांच्या पाळ्यांपर्यंत आलं होतं, पण वेगळ्या कारणानं. बघा म्हणाल्या होत्या, बघितलं. मग पुढचा तास मी चक्क डुलक्या काढल्या. सेविकेनं हलकेच येऊन जवळ उभं राहून उठवलं.

रात्रीच्या प्रवचनात काय होतं ते मला आठवत नाही. मनात आता नवीनच मजकूर सुरू झाला होता: 'प्रति, सेक्रेटरी...'

रविवारी पहाटे मंगल मैत्री झाली. ह्यात सगळ्यांचं भलं होवो अशी भावना करायची असते. 'भवतु सब्ब मंगलं' झालं, तिनदा 'साधु' झालं, आणि मौन सुटलं. सुटलं म्हणजे अक्षरशः धरण फुटलं. हॉलबाहेरच्या व्हरांड्यात चाळीस बायका एकदम बोलायला लागल्या. माझ्या घशातून पहिला शब्द निघाला तो बेडकासारखा.

माझ्या खोलीतल्या बाई जवळ आल्या. त्या खालच्याच करावे गावच्या निघाल्या. तीन दिवस त्या डोंगराच्या कठड्याशी उभ्या राहून एकाच दिशेला बघायच्या, मला वाटायचं ध्यान लावतात. ढग जरा उठले होते. खाली इमारतींची दाटी, पामबीच रस्ता, पलीकडे राखाडी खाडी. त्या बोट करून म्हणाल्या, "तो निळ्या काचांचा टॉवर दिसतो ना? त्याच्या पोटात आमच्या सासऱ्यांचं भाताचं खाचर." १९७० साली नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, गावांच्या जमिनी घेतल्या, शहर झालं, हे आपण नागरिकशास्त्राच्या धड्यासारखं म्हणतो. त्यांनी ते बोटानं दाखवलं. "घरनं इथला डोंगर दिसतो. वर्षातनं एकदा इथनं घर बघून घेते."

मग थोडं थांबून, आवाज खाली आणत, "रागवू नका हां ताई, एक सांगू? तुम्ही झोपेत दात खाता. पहिल्या रात्री मला वाटलं उंदीर लागला लाकडाला."

तीन रात्री बिचारीनं ते ऐकलं आणि बोलता येईना.

"काल रात्री?" मी विचारलं.

"काल कमी होतं," त्या म्हणाल्या. मग प्रामाणिकपणे, "पण होतं."

खोली झाडली, चादरी धुवायला टाकल्या, दान दिलं. पावती मिळाली, आकडा आणि अक्षरी रक्कम दोन्ही जुळलेली. मला पावती बघून बरं वाटतं, त्याला इलाज नाही. पिशवी परत मिळाली. पेन होतं. मोबाइल चालू केला नाही.

निघायची घाई होती, कारण रविवार. ट्रान्स-हार्बरवर ब्लॉक असला की अकराच्या पुढे दुपारपर्यंत ठाण्याच्या गाड्या बंद, आणि त्या रविवारी तो असल्याचं नोटीस बोर्डाजवळ कुणीतरी सांगत होतं. करावेच्या बाई आणि मी एका रिक्षात उतरलो. त्या गावच्या कोपऱ्यावर उतरल्या, रिक्षाचे पैसे देऊ देईनात, शेवटी निम्मे निम्मे केले. सीवूड्स स्टेशन म्हणजे वर मॉल, खाली रूळ. मॉल उघडायचा होता, एक मुलगा काचा पुसत होता. तिकीट खिडकीवर काढलं, कारण ॲपसाठी फोन चालू करावा लागला असता.

पनवेलहून ठाण्याची गाडी आली, बायकांच्या डब्यात खिडकी मिळाली. तीन दिवस डोळे खाली घालून चालल्यावर डबा म्हणजे जत्रा वाटत होती. कुणाच्या तरी हळदीला निघालेल्या पाच-सहा जणी, सगळ्या पिवळ्या साड्यांत, एकीचा गजरा दुसरी माळतेय. रबरं आणि पिना विकणारी मुलगी, खांद्यावर अख्खं दुकान. समोरच्या बाकावर एक बाई मांडीत पेपर पसरून गवार मोडत होती. कट्, कट्, शिरा काढून पिशवीत. मी तिच्या बोटांकडे बघत बसले. ती एका शेंगेला बरोबर दोन सेकंद देत होती, कमी नाही, जास्त नाही. नेरुळ गेलं, जुईनगर गेलं. उद्घोषणेतली बाई तिन्ही भाषांत पुढचं स्थानक सांगत होती, इतक्या समतेनं की तिलाही जुन्या साधकांत धरायला हरकत नाही.

तुर्भ्यानंतर डोंगर उजव्या हाताला आला तो सोडेना. मी ज्याच्या टोकावर तीन दिवस बसले होते तोच. कोपरखैरणे, घणसोली, रबाळे; कारखान्यांच्या पत्र्यांच्या मागे हिरवी भिंत आणि तिच्यावरून दोन-तीन ठिकाणी पांढऱ्या रेघा, पावसाचे ओहोळ. पाणी वरून खाली येतंय ते कुठल्या भेगेतून येतंय हे लांबून बघायला किती सोपं असतं.

ऐरोलीला फोन चालू केला. तो मिनिटभर हातात थरथरत होता. सोसायटीच्या ग्रुपवर दोनशेच्या वर निरोप. टाकीचा पंप, कुणाचं कुत्रं, वाढदिवस, गुलाबाची फुलं, पुन्हा पंप. मी खाली न जाता वर गेले, मागे मागे, जुलै ओलांडून जूनमध्ये. तिथे ते होतं, मी वाचलेलं आणि उत्तर न दिलेलं. नाशिकहून परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी टाकलेला फोटो: त्यांच्या बेडरूमची भिंत, डक्टच्या बाजूची, रंगाचे पापुद्रे सुटलेले. खाली लिहिलेलं, 'सेक्रेटरी मॅडम, सवडीने पाहावे.' त्यापुढे हात जोडल्याचं चित्र.

"ठाणे आलं का हो?" पिवळ्या साडीतल्या एकीनं विचारलं.

"अजून दिघा गाव आहे मध्ये," मी म्हणाले. हे स्टेशन २०२४ मध्ये सुरू झालं, पण अजून ते अनेकींच्या मोजणीत नसतं. माझा आवाज आता माझ्यासारखा येत होता.

ठाण्याला दहा नंबरवर उतरलं की कोपरी पूर्वेला, चालत दहा मिनिटं. पाऊस पुन्हा लागला होता. आमच्या गेटपाशी आल्यावर मी आत न जाता इमारतीला वळसा घालून मागे गेले, डक्टपाशी. इतक्या वर्षांत मागे मी फार तर दोनदा गेले असेन. मान वर करून पाहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, पावसाच्या पाइपाच्या सांध्याजवळ, भिंतीवर एक काळीहिरवी पट्टी होती, शेवाळाची. त्या शेवाळात पिंपळाचं रोप उगवलेलं. चांगली चार पानं होती त्याला. म्हणजे ते ह्या पावसाळ्याचं नव्हतं.

जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर आमच्या दाराआड कुकरची शिट्टी झाली. ह्यांनी खिचडी लावली असणार. मी पिशवी दाराशी ठेवली आणि आणखी एक मजला चढले.

बेल वाजवली. आतून काकूंच्या सपाता आल्या, दार साखळीएवढं उघडलं. काकूंनी आधी माझ्या हाताकडे बघितलं. हातात छत्री होती, तिचं पाणी त्यांच्या उंबऱ्यावर गळत होतं.

"काका आहेत का?" मी म्हणाले. "मला तुमची बेडरूमची भिंत बघायचीय."